प्लाझ्मा कटर सांगून वेल्डिंग मशीन गळ्यात मारलं, २५,६९० रुपये गेले

घरी हौसेने लोखंडाचं काम करणाऱ्या आणि स्वस्तातला प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेने तापवलेल्या हवेच्या झोताने लोखंड कापायचं मशीन, शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. ज्यांनी मला फसवलं त्यांच्या जाहिराती अजून चालू आहेत. दुकानाचं नाव बदललंय, फोटो तेच आहेत आणि व्हिडिओही तोच.

आधी हिशेब सांगतो. मशीनचे २०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००, एकूण २३,६००. त्यातले निम्मे, ११,८००, आगाऊ. नंतर लाकडी पॅकिंग आणि भाड्याचे म्हणून १,४५०. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला तेव्हा उरलेले ११,८००. गोडाऊनवर गेलो तर माल टू-पे लावलेला, म्हणजे भाडं पुन्हा माझ्याच डोक्यावर, ६४०.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ४० अँपिअरच्या मशीनचे टॉर्चसकट, म्हणजे हातात धरून कापायच्या मुठीसकट, ३१,५०० सांगितले होते. ७,९०० वाचत होते. हाव नडली, असं घरातल्यांपासून सगळ्यांनी ऐकवून झालंय. मला ते मान्य नाही. पाच हजारात मशीन देतो म्हणाला असता तर मी फोनच ठेवला असता. २३,६०० हा बाजारात बसणारा भाव आहे, आणि संशय येऊ नये म्हणूनच तो तसा ठेवलेला असतो. मी या कामात नवखाही नाही. घराच्या खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचा कठडा, भावाच्या ट्रॉलीचा फाळका मी स्वतः केलाय. ८ मिमीची प्लेट ग्राइंडरने कापताना व्हील आणि मनगट दोन्ही झिजतात, म्हणून कटर हवा होता.

फोनवरचा माणूस अडाणी असता तरी मी सावध झालो असतो. पण तो सगळं बरोबर बोलत होता. हवेचा दाब चार-पाच बार लागेल, छोटा टायर भरायचा कंप्रेसर पुरणार नाही. ४० अँपिअरला ड्युटी सायकल ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कापायचं आणि चार मिनिटं थांबायचं. ४० अँपिअरला आर्कवर, म्हणजे कापणाऱ्या ठिणगीवर, ९६ व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे जवळजवळ चार किलोवॅट, त्यामुळे घरातल्या साध्या पॉइंटवर लावू नका, मीटरपासून वेगळी लाइन ओढा. हे सगळं खरं आहे. इतकी नीट माहिती देणारा माणूस चोर असेल, असं कोणाला वाटेल? लक्षात ठेवा, मशीनची माहिती असणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही.

आता ज्या गोष्टीने मला अजून झोप लागत नाही ती सांगतो. त्याने प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं, बिल पाठवलं. वर जीएसटी नंबर, सुरुवात ०७, म्हणजे दिल्ली. खाली सीजीएसटी १,८०० आणि एसजीएसटी १,८००. दिल्लीहून महाराष्ट्रात माल येतो तेव्हा आयजीएसटी लागतो, ३,६०० एका ओळीत. सीजीएसटी-एसजीएसटी राज्यातल्या राज्यात. मी खताच्या दुकानात हिशेब लिहितो. दिवसभर हीच बिलं माझ्या हाताखालून जातात. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली नव्हती, मी त्याला लगेच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, नवीन पोरगा आहे, सॉफ्टवेअरमध्ये चुकीचं टाकलं, पक्क्या बिलात दुरुस्त करतो." आणि अशी चूक खरंच होते हो! चांगल्या चांगल्या कंपन्यांची बिलं मी याच कारणाने परत पाठवलीत. म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तोच नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला असता तर एका मिनिटात कळलं असतं. नंतर टाकला. नोंदणी रद्द झालेली, आणि नाव कुठल्याशा कपड्यांच्या व्यापाऱ्याचं. पैसे गेले ते तिसऱ्याच माणसाच्या वैयक्तिक खात्यात. बिलावरचं नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव एक नसेल तर पिन टाकू नका. त्याने काहीही सांगू दे.

व्हिडिओचंही तसंच. कापतानाच्या व्हिडिओवर गाणं लावलेलं होतं. प्लाझ्मा चालू असताना हवेचा कर्कश फुत्कार येतो, आणि बटण सोडल्यावरही टॉर्च थंड करायला हवा काही सेकंद वाहत राहते. तो आवाज ऐकायचा, गाण्याचा व्हिडिओ घ्यायचाच नाही. मशीनची मागची बाजू दाखवायला सांगितलं तर रेंज गेली.

खोकं उघडलं. समोर मोठ्या अक्षरांत 'कट-५०'चा स्टिकर. त्याचा खालचा कोपरा सुटलेला होता, नखाने सोलला तर खाली छापील 'आर्क-२००'. म्हणजे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. मागे हवेचा गेज आणि फिल्टरची वाटी बसवलेली. कव्हर खोललं तर आत गेजला नळीच नाही. पत्र्याला भोक पाडून सिलिकॉनने चिकटवलेला नुसता देखावा. सिलिकॉन अजून बोटाला लागत होतं. मल्टिमीटर लावला, ६८ व्होल्ट. प्लाझ्मा कटरला बिनलोड, म्हणजे काही कापत नसताना, दोनशेच्या वर हवेत. टॉर्च नव्हताच. विचारलं तर टॉर्च कंपनीतून वेगळा येतो, २,९९९ भरा. तेवढे मात्र मी भरले नाहीत. पण टॉर्च निघालाय, उद्या पोहोचेल, असं सांगत त्याने मला लोंबकळत ठेवलं, आणि तेवढ्यात ज्या खात्यात मी पैसे भरले होते ते रिकामं झालं.

हे सगळं घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पहिलाच प्रश्न, "खोकं आलं ना? माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक न्यायालयात जा." मी स्टिकर दाखवला, गेज दाखवला. "मशीनमधलं आम्हाला काय कळतं?" मग म्हणे दिल्लीचं प्रकरण, दिल्लीत तक्रार करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद करायची तरतूद आहे, हे मी त्यांना सांगायचं? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, खोटा नमुना दाखवून वस्तू विकणं म्हणजे फसवणूक, असं उदाहरणासकट लिहिलंय. मी छापून नेलं होतं. कागदाकडे कोणी बघितलंही नाही. अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ केली. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी कोणत्यातरी बँकेने केलीच असेल ना? त्याचं नाव, पत्ता, फोटो सगळं त्यांच्याकडे आहे. ते मला सांगायचं नाही ठीक, पण ते बँकेकडून मागवायची पोलिसांनाही गरज वाटत नाही. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती ते म्हणतात आम्ही फक्त नंबर जोडून देतो. 'व्हेरिफाइड' असा हिरवा शिक्का लावायचे पैसे मात्र घेतात. आणि सगळीकडे एकच सूर, रक्कम लहान आहे. माझ्या पगारातून ती लहान नाही.

आता मला कळतंय की ते खोकं का पाठवतात. काहीच पाठवलं नाही तर सरळ गुन्हा. खोकं पाठवलं की तो 'मालाबद्दलचा वाद' होतो, आणि कोणी हात लावत नाही. त्या जुन्या मशीनचे दोन-तीन हजार हा त्यांचा धंद्यातला खर्च आहे.

पैसे गेले असं वाटताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. समोरचा काय खुलासा देतो त्याची वाट बघू नका, पैसे खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. गोडाऊनमध्येच, बिल्टीचं लेबल दिसेल असं धरून, खोकं उघडतानाचं सलग चित्रीकरण करा. माझ्याकडे ते नाही आणि त्यावर आता अडतंय. बिल्टी हातात आली तरी मशीनचा मागचा भाग, हवेचा इनलेट, टॉर्च आणि अर्थ क्लॅम्प एकाच फोटोत दिसल्याशिवाय बाकी रक्कम देऊ नका. क्रेडिट कार्ड नको म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. कंप्रेसर धरूनच बजेट करा, आणि 'आत कंप्रेसर बसवलेला' असं सांगून साध्या मशीनचाच भाव लावला तर तिथेच थांबा.

ग्राहक आयोगात मी तक्रार टाकलीय. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. अडचण नोटिशीची आहे. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आलं. 'कट-५०' स्टिकरचं असलं मशीन तुमच्याकडेही आलं असेल तर स्टिकर काढू नका, मशीन भंगारात घालू नका, आणि तुमच्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकट्याची रक्कम लहान ठरते. दहा ठिकाणच्या तक्रारीत त्याच खात्याचा नंबर आला तर ती लहान राहणार नाही.