ईएसपीएनचे ट्रेड मशीन: सौदा बसतो का ते सांगते, करावा का ते नाही

एखाद्या मोठ्या खेळाडूसाठी संघाने आपली पुढची ड्राफ्ट पिक्स (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली पाळी, जी हरणाऱ्या संघाला बहुधा आधी मिळते) द्यावीत की राखून ठेवावीत, हा वाद एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा मोसम सुरू झाला की मुंबईतल्या नागपाड्याच्या कोर्टांभोवती रोज सकाळी रंगतो, आणि हल्ली तो बहुधा ईएसपीएनच्या संकेतस्थळावरचे ट्रेड मशीन उघडूनच रंगतो. संघ निवडायचे, कोणता खेळाडू कुठे जाणार ते ठरवायचे आणि कळ दाबायची. सौदा लीगच्या पगारविषयक नियमांत बसला तर मशीन होकार देते, नाहीतर नकार देते.

एवढ्या कामासाठी हे साधन खरोखर उत्तम आहे. दोन राखीव खेळाडू आणि एक पिक देऊन पाच कोटी डॉलर पगाराचा स्टार आणू, असे म्हणणाऱ्याचा प्रस्ताव ते क्षणात निकालात काढते, कारण पगारमर्यादा ओलांडलेल्या संघाला येणाऱ्या पगाराच्या तोडीचा पगार बाहेर पाठवावा लागतो. त्यात लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३च्या करारापासून ‘सेकंड एप्रन’ ही संघाच्या एकूण पगाराची वरची रेषा आली असून, तिच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. असे नियम रोज बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) वाचणाऱ्यालाही तोंडपाठ राहत नाहीत, म्हणून यंत्राची मदत हवीच.

अडचण होकारानंतर सुरू होते. आमच्याबरोबर खेळणाऱ्या कॉलेजच्या एका मुलाने परवा फोनचा पडदा माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “दादा, मशीन हो म्हणतंय ना, मग देऊन टाकायची की पिक्स!” मशीन आजचे संघ आणि आजचे पगार पाहते, आज दिलेले पिक तीन वर्षांनी कोणत्या क्रमांकावर येईल आणि तिथे कोण मिळेल, हे त्याच्या हिशेबात येऊच शकत नाही. वादाचा जीव तर नेमका तिथेच आहे.

ब्रुकलिन नेट्सचा २०१३चा सौदा पाहा. केविन गार्नेट ३७ वर्षांचा, पॉल पिअर्स ३५ वर्षांचा, आणि त्यांच्यासाठी बोस्टनला २०१४, २०१६ व २०१८ची पहिल्या फेरीची पिक्स आणि २०१७चा स्वॅपचा (पिकांची अदलाबदल करण्याचा) हक्क दिला गेला. सौदा नियमांत बसत होता. पुढे ब्रुकलिन तळाला गेले, बोस्टनने २०१६च्या पिकवर जेलन ब्राउन घेतला, आणि २०१७च्या स्वॅपमधून आलेला पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन, तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला निवडले. २०२४चे विजेतेपद बोस्टनने याच दोघांच्या बळावर मिळवले.

उलट लेकर्सने २०१९मध्ये २६ वर्षांच्या अँथनी डेव्हिससाठी तीन तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीची तीन पिक्स दिली व २०२०मध्ये विजेतेपद मिळवले. मिलवॉकीने २०२०मध्ये ड्रू हॉलिडेसाठी अशीच किंमत मोजली आणि २०२१मध्ये चषक उचलला. लेकर्सकडे लेब्रॉन आणि मिलवॉकीकडे यानिस हे मोठे खेळाडू आधीच उभे होते. म्हणून माझे मत ठाम आहे: संघात विजेतेपदाच्या तोडीचा खेळाडू आधीच असेल आणि येणारा तिशीच्या आतबाहेर असेल तर पिक्स द्यावीत, अन्यथा देऊ नयेत.

या कसोटीला सर्वांत मोठा धक्का देतो तो क्लिपर्सचा सौदा. क्वाय लेनर्ड सोबतीला येणार होता, ओक्लाहोमाकडून येणारा पॉल जॉर्ज २९ वर्षांचा होता, म्हणजे कागदावर सगळे जुळत होते. तरी ओक्लाहोमाकडे गेलेल्या पाच पिकांपैकी २०२२चे पिक बाराव्या क्रमांकावरचा जेलन विल्यम्स ठरले, आणि सौद्यात शाई गिल्जस-अलेक्झांडर हा २० वर्षांचा गार्डही होता, जो २०२५मध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) आणि विजेता झाला. जॉर्ज मात्र २०२४मध्ये करार संपवून निघून गेला. माझ्या मते तिथे चूक पाच पिकांपेक्षा त्या एका तरुण खेळाडूला सोडण्यात होती, आणि ज्यांचा सगळा वाद पिकांच्या संख्येवर चालतो त्यांनी हे नीट तपासावे.

तेव्हा नवख्याने हे साधन जरूर वापरावे. पगाराचे गणित समजून घ्यायला मला याहून सोपी वाट दिसत नाही. मात्र कळ दाबण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दिलेले पिक कोणत्या वर्षाचे, त्यावर संरक्षण (ठरावीक वरच्या क्रमांकावर आले तर पिक देणाऱ्याकडेच राहण्याची अट) आहे का, आणि त्या वर्षी आपला मुख्य खेळाडू किती वयाचा असेल. सलग दोन भावी वर्षे पहिल्या फेरीच्या पिकाशिवाय राहता येत नाही, हा स्टेपियन नियम ठाऊक असला की संघ मधल्या वर्षांचे स्वॅप का देतात तेही उलगडते. ब्रुकलिनला २०१७मध्ये नेमका असाच मधल्या वर्षाचा स्वॅप सर्वांत महागात पडला.