तळ्याकाठचा डोम बुक केला, पोचलो तर तिथे फक्त झाडं

लिहायला जरा लाजच वाटतेय, कारण घरात ऑनलाइन काही घ्यायचं असलं की सगळे मलाच विचारतात आणि टोपी घातली गेली ती मलाच. पण सुट्ट्यांचा सीझन तोंडावर आलाय म्हणून लिहून टाकतो.

ताईच्या आणि आमच्या मुलांना एकदमच सुट्टी होती, म्हणून जंगलातल्या तळ्याकाठी दोन रात्री ग्लॅम्पिंग करायचं ठरलं. म्हणजे तंबूच, पण आत पलंग, गादी, दिवे आणि बाहेर लाकडी डेक. मला साधा तंबूही चालला असता पण जमिनीवर झोपायचं नुसतं नाव काढलं की भावजींची कंबर दुखायला लागते. दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळीकडे वीकेंड फुल. मग एका बुकिंग साइटवर हा सापडला, पांढरा डोम (घुमटासारखा गोल तंबू), समोर तळं, मागे उंच झाडं आणि डोंगर, रेट बाकीच्यांच्या निम्मा. मेसेज टाकला तर दोन मिनिटांत उत्तर, "आत्ताच एक बुकिंग कॅन्सल झालंय, नशीबवान आहात." वर म्हणे साइटवरून भरू नका, थेट भरा, कमिशन वाचेल ते तुम्हालाच डिस्काउंट देतो.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. साइटवरून भरलं असतं तर काही झाल्यावर तिथे भांडता तरी आलं असतं, कार्डाने भरलं असतं तर बँकेकडे चार्जबॅक (म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत) मागता आला असता, थेट खात्यात ट्रान्सफर म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात रोख ठेवण्यासारखंच. तरी केलं. आधी अर्धे सांगितले होते, मग "पूर्ण भरलेत तर तळ्याला लागून असलेला डोम ठेवतो" म्हणाला आणि मी पूर्ण भरले. खात्यावर नाव भलतंच दिसलं म्हणून विचारलं तर म्हणाला अकाउंटंटचं खातं आहे. बरं, म्हटलं.

आणि मी चौकशीही केली होती हो, हेच तर सांगायचंय! वेबसाइट मागितली, त्याने लिंक दिली, झकास साइट, वर कुलपाचं चिन्ह. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधला कोणी वाचू शकत नाही, साइट चोराचीच असली तरी कुलूप असतंच, हे मला नंतर कळलं. रिव्ह्यू मागितले, स्क्रीनशॉट आले. लोकेशन मागितलं, पिन आली. व्हिडिओ मागितला, तोही आला. म्हणजे मी जे जे तपासलं ते सगळं त्यानेच माझ्या हातात दिलेलं, त्याच्या बाहेर जाऊन मी एक गोष्ट बघितली नाही.

संध्याकाळी उजेड उतरत असताना पिनवर पोचलो. कच्चा रस्ता एका लोखंडी फाटकापाशी संपला, पलीकडे नुसती दाट झाडी, तळं दिसतसुद्धा नव्हतं. त्याचा फोन बंद. अर्धा तास इकडेतिकडे फिरलो, मुलं मागे भुकेने रडकुंडीला आलेली, ताई गप्प. ती गप्प झाली की मला जास्त टेन्शन येतं. शेवटी जंगल खात्याचा एक माणूस आला, त्याने फोनवरचा फोटो बघितला आणि म्हणाला, "साहेब, हे राखीव जंगल आहे, इथे रात्री राहायलाच परवानगी नाही, आणि या महिन्यात हा फोटो घेऊन आलेले तुम्ही तिसरे."

परत फिरलो. वाटेत ताईच्या धाकट्याने तोच फोटो झूम करून मला दाखवला. डेकवरच्या माळेत 9 दिवे पेटलेले, डेकला लागून पाणी, आणि पाण्यात एकाही दिव्याचं प्रतिबिंब नाही, मागच्या डोंगराचं मात्र अगदी स्वच्छ. घरी येऊन इमेज सर्च केला तर डोम कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या रिसॉर्टचा निघाला, तळं खाली चिकटवलेलं. सॅटेलाइट मॅप उघडला तर त्या पिनवर सलग झाडं, मोकळी जागा नाही, पायवाट नाही, आणि आसपास कुठे डोंगरच नाही. वेबसाइटचं डोमेन (म्हणजे तिचं नाव-पत्ता) कधी नोंदवलंय ते कुणालाही फुकट बघता येतं, ते निघालं 19 दिवसांपूर्वीचं आणि साइटवर लिहिलेलं "अनेक वर्षांचा अनुभव". हे सगळं बघायला मला दहा मिनिटं लागली, पैसे भरायच्या आधी तेवढीच लागली असती.

गंमत म्हणजे (गंमत कसली) दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. सॉरी सर, गैरसमज झाला, रिफंड देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि तुमचा यूपीआय पिन टाका. मी इतका चिडलेलो होतो की पैसे परत मिळतायत म्हटल्यावर स्कॅन केलाच, बायकोने फोन हातातून ओढून घेतला म्हणून वाचलो. अहो, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला! आठवडाभराने आणखी एक जण, "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा." त्याला माझं नाव आणि रक्कम दोन्ही माहीत होतं, कुठून ते ओळखा.

बँकेला कळवलं पण मी उशीर केला होता. असे पैसे काही तासांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात, तेव्हा त्या फाटकापाशी उभं राहूनच पहिला फोन बँकेला करायला हवा होता, त्याला पंधरा वेळा लावत बसण्यापेक्षा. चॅटचे स्क्रीनशॉटही लगेच काढून ठेवा, माझ्या चॅटमधले त्याचे निम्मे मेसेज रात्रीत डिलीट झाले होते.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. त्याने मला काहीच विचारलं नव्हतं, किती माणसं, मुलं केवढी, गाडी कुठली, काही नाही. शेकोटी? कुठेही पेटवा. म्युझिक? रात्रभर. कोरड्या झाडीत कुठेही शेकोटी पेटवा म्हणणारा माणूस कधी जंगलात राहिलेला नसतो.

आता ताईच्या ओळखीतून एक जागा मिळाली आहे, ओळखीचे लोक तिथे स्वतः राहून आलेत. त्या बाईंनी फोनवर माझी उलटतपासणीच घेतली, मुलांना पोहता येतं का, रात्री पाण्यावरून गारवा येतो आणि तंबू आतून ओला होतो तर जाडी पांघरुणं आणाल ना, आणि ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेणार नाही ना, त्या धुराविना येणाऱ्या गॅसने झोपेत माणसं जातात. मी म्हटलं समोरच्या तळ्याचा एक फोटो पाठवता का, तर म्हणाल्या, "पाठवते, पण सध्या पाणी बरंच मागे गेलंय, पुढे सगळा चिखल दिसेल, चालेल ना?" चिखलाचा फोटो आला, कोपऱ्यात एक उलटी बादली. अॅडव्हान्स भरला.