गिनिपिगची खरूज आणि नाव नसलेलं इंजेक्शन

चार व्हिजिट, चार इंजेक्शनं, दोन मलमं, अँटिबायोटिकचं एक सिरप आणि 'इम्युनिटी'साठी एक टॉनिक. एवढं होऊनही त्वचा खरवडून काचपट्टीवर एकदाही घेतलेली नाही आणि वजनाचा रकाना चारही वेळा कोरा. ठाण्याकडच्या एका घरातल्या सहा महिन्यांच्या नर गिनिपिगचा हा केसपेपर आहे. तो इथे क्रमाने उलगडतो आहोत, कारण गिनिपिग पाळणाऱ्यांच्या हातात असे कागद वारंवार दिसतात आणि त्यांतल्या चुका ठरलेल्या असतात.

पेट शॉपमधून आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात खांद्यावरचे आणि पाठीवरचे केस गेले. खाली पिवळट, जाड, भाकरीच्या पापुद्र्यासारखा कोंडा. दिवसभर मागच्या पायाने खाजवणं, खाजवताना ओरडणं, पाठीला हात लावला की अंग आखडून घेणं. पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांनी टेबलापलीकडून पाहिलं आणि 'फंगल आहे' म्हणून सांगितलं. एक इंजेक्शन, एक मलम, आठवड्याने परत या.

फसवणूक इथेच सुरू झाली, कारण लक्षणं फंगलची नव्हतीच. गिनिपिगला फंगल, म्हणजे बुरशीचं गजकर्ण, होतं तेव्हा ते बहुतेक वेळा तोंडाकडून सुरू होतं: नाक, डोळ्यांभोवतीची त्वचा, कान. मग ते पाठीकडे उतरतं. चट्टा गोलसर, कडा लालसर, वर सुकी खपली, आणि खाज बेताची किंवा अजिबात नाही. खांदे, मान, पाठ आणि मांड्यांच्या आतली बाजू धरून जीव नकोसा करणारी खाज असेल, तर पहिला संशय खरजेच्या किड्याचा घ्यायचा. या किड्याचं नाव ट्रिक्साकेरस केव्हिए. तो त्वचेत बोगदे करून राहतो, डोळ्यांना दिसत नाही. उवा असतील तर नीट पाहिल्यावर केसांत हलताना दिसतात. केस बुडाशी कातरल्यासारखे आखूड आणि खालची त्वचा स्वच्छ असेल, तर सोबतचा गिनिपिग केस कुरतडत असतो. दोन वर्षांपुढच्या मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि खाज नसेल, तर अंडाशयातल्या गाठींसाठी सोनोग्राफी करायची. तिथे मलम चोळून काहीही होणार नाही.

आणि काही गोष्टी तर आजारच नसतात. कानामागे प्रत्येक गिनिपिगला एक उघडा, बिनकेसांचा ठिपका असतो. माकडहाडाच्या जागी तेलग्रंथी असते, ती नरांत चिकट आणि काळपट दिसते. डोळ्यांतून अधूनमधून दुधासारखा पांढरा थेंब येतो, त्याने तो तोंड धुतो. कानामागच्या ठिपक्यावर फंगलचा कोर्स आणि तेलग्रंथीवर 'गळू'चं अँटिबायोटिक लावून पैसे घेतलेले केसपेपर आमच्या पाहण्यात आहेत. औषध लिहून घेण्याआधी दोन्ही कानांमागे बघा. दोन्हीकडे तसाच ठिपका असेल तर काही झालेलं नाही.

आता त्या इंजेक्शनविषयी. केसपेपरवर नुसतं 'इंज. अॅलर्जी' असं लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत खाज थांबली, पिल्लू शांत झोपलं, घरच्यांना हायसं वाटलं. पाचव्या दिवशी खाज दुपटीने परत आली. दुसऱ्या व्हिजिटला तेच इंजेक्शन, तसाच आराम आणि काही दिवसांनी तशीच खाज परत. तिसऱ्या वेळी घरच्यांनी कुपी दाखवा म्हणून आग्रह धरला तेव्हा नाव कळलं: डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे. ते किडा मारत नाही आणि फंगसही मारत नाही. खाजेची जाणीव आणि सूज तेवढी दाबतं, आणि सोबत शरीराची लढण्याची ताकदही दाबतं, म्हणून त्या चार-पाच दिवसांत किडे मोकळेपणाने वाढतात. काही तासांत जादूसारखी खाज गेली आणि आठवड्याच्या आत परत आली, शिवाय पाणी पिणं आणि लघवी वाढली, तर इंजेक्शनचं नाव विचाराच. दर आठवड्याला पेशंट परत यावा अशी या औषधाची चालच आहे, आणि प्रत्येक फेरीत आराम दिसत असल्यामुळे घरच्यांना संशय येत नाही.

मलमाचीही तीच गत. मेडिकलमध्ये मिळणारी तीन-चार औषधांची मिश्र मलमं, ज्यांत क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, ती माणसांच्या गजकर्णाचीसुद्धा वाट लावतात. गिनिपिग तर अंगाला लावलेलं सगळं चाटतो. ट्यूबवर 'क्लोबेटासॉल', 'बीटामेथासोन', 'मोमेटासोन' यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ती लावू नका, डॉक्टरांनाच परत विचारा.

तिसऱ्या व्हिजिटला 'इन्फेक्शन झालंय' म्हणून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचं सिरप दिलं गेलं. हे सर्वांत घातक. गिनिपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू पेनिसिलिन गटाच्या औषधांनी मरतात, त्यांच्या जागी क्लोस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढून विष सोडतात, आणि काही दिवसांत जनावर जातं. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही नावं एका कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवून ठेवा. अँटिबायोटिकची खरंच गरज असेल तेव्हा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही सहसा चालणारी औषधं आहेत. या पिल्लाने दोन दिवसांच्या सिरपनंतर खाणं सोडलं, लेंड्या मऊ आणि बारीक झाल्या. घरच्यांनी सिरप बंद केलं, पाण्यात भिजवलेल्या पेलेटची पेज सिरिंजने थोडी थोडी भरवली, म्हणून ते वाचलं. गिनिपिगने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघत बसू नये.

चौथ्या व्हिजिटच्या आदल्या रात्री पिल्लाला झटका आला. खाजवता खाजवता ते कुशीवर पडलं, पाय ताठ, मान मागे. यावर निदान झालं 'मेंदूत दोष', आणि फिटची गोळी रोज, आयुष्यभर, असं सांगितलं गेलं. खरजेचा किडा खूप वाढला की खाजेनेच असे झटके येतात. पाठीवर कोंडा असलेल्या आणि खाजवताना झटका येणाऱ्या गिनिपिगला फिटची गोळी सुरू करण्याआधी खरजेचा उपचार झाला आहे का, हा एकच प्रश्न विचारायचा.

पाचव्या वेळी डॉक्टर वेगळा होता. त्याने आधी किचनच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर वजन केलं: ६४० ग्रॅम. मग चट्ट्याच्या मध्यातून न घेता कडेवरून, जिथे कोंडा आणि चांगली त्वचा भेटते तिथून, लिक्विड पॅराफिनचा थेंब लावलेल्या बोथट ब्लेडने त्वचा खरवडली, रक्ताचा अगदी बारीक ठिपका दिसेपर्यंत. ते काचपट्टीवर घेऊन वर कव्हर स्लिप ठेवली आणि आधी कमी, मग मध्यम ताकदीच्या भिंगाखाली पाहिलं. गोल अंगाचे, आखूड पायांचे किडे आणि त्यांची अंडी होती. दहा मिनिटांचं काम.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्क्रेपिंगमध्ये किडा दिसला नाही म्हणून तो नाही असं ठरत नाही, कारण तो खोल राहतो. लक्षणं स्पष्ट असतील तर काही चांगले डॉक्टर स्क्रेपिंग निगेटिव्ह आल्यावरही खरजेचा उपचार करून पाहतात आणि तसं तोंडावर सांगतात. ती फसवणूक नव्हे. 'उपचार करून पाहतो आहे, दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर फंगसची तपासणी करू' असं म्हणणाऱ्या डॉक्टरवर भरवसा ठेवावा. गजकर्णाचा संशय असेल तर चट्ट्याच्या कडेचे केस चिमट्याने उपटून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहतात आणि कल्चर लावतात, म्हणजे बुरशी वाढवून पाहतात, त्याला दहा-चौदा दिवस, कधी जास्तही लागतात. फंगस तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली (वुड्स लॅम्प) चमक दिसली नाही म्हणून फंगस नाही, असं सांगितलं तर मानू नका. गिनिपिगला ज्या ट्रायकोफायटॉन बुरशीने गजकर्ण होतं, ती त्या दिव्यात चमकत नाही.

खरजेवर आयव्हरमेक्टिन दिलं जातं. प्रमाण साधारण किलोमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, दर ७ ते १४ दिवसांनी, कमीत कमी तीन डोस. हे औषध अंडी मारत नाही, म्हणून एकाच इंजेक्शनवर 'झालं बरं' असं सांगणारा अर्धाच उपचार करतो. अंड्यांतून नवे किडे निघतात आणि महिन्याभरात खाज परत येते. दुसरा पर्याय सेलामेक्टिन, मानेमागे टाकायचे थेंब, किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास, डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा.

पण जनावरांच्या दुकानातून १ टक्का आयव्हरमेक्टिनची बाटली आणून घरी टोचू नका. का, ते या ६४० ग्रॅमच्या पिल्लावरूनच पाहा. किलोमागे ०.४ मिलिग्रॅम धरलं तर त्याला ०.२५६ मिलिग्रॅम हवं. १ टक्क्याच्या बाटलीत एका मिलीला १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे लागणार ०.०२५ मिली. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजवर ती जेमतेम एक रेघ आहे. साध्या २ मिलीच्या सिरिंजवर सर्वांत लहान खूणच ०.१ मिलीची, ती भरली की डोस चौपट झाला. बाटली गाय-बैलांसाठी बनवलेली आहे आणि आपला पेशंट मुठीत मावतो. डॉक्टरसुद्धा औषध पातळ करून देतात ते याचसाठी. म्हणूनच ज्या केसपेपरवर वजन नाही, त्यावरचा डोस अंदाजाने दिलेला आहे असं धरा.

कुत्र्यांसाठीचं अमिट्राझचं पाणी, गोचिडांची पावडर, परमेथ्रिनचे थेंब, फिनेल, डेटॉल, रॉकेल यांतलं काहीही गिनिपिगच्या अंगाला लावू नये. कडुलिंबाचं तेल किंवा खोबरेल लावलं की खपल्या मऊ पडतात आणि बरं होतंय असं वाटतं. किडा त्याने मरत नाही.

सोबत राहणाऱ्या सगळ्या गिनिपिगांना त्याच दिवशी डोस द्यायचा, खाज असो वा नसो. लाकडाचा भुसा काढून टाकायचा, खाली जुने टॉवेल अंथरायचे आणि उपचार संपेपर्यंत रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. लाकडी घर असेल तर टाकून द्या, त्याच्या फटी साफ होत नाहीत. गजकर्ण असेल तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी करून पिंजरा भिजवा, दहा मिनिटं ठेवा, खळखळून धुऊन पूर्ण वाळल्यावरच जनावर आत सोडा. घरातल्या कुणाच्या हातावर, पोटावर बारीक लाल पुरळ उठली तर त्वचेच्या डॉक्टरांना गिनिपिगबद्दल सांगा. खरजेची पुरळ सहसा आपोआप जाते, गजकर्ण मात्र औषधाशिवाय पसरतं.

टॉनिकचा मुद्दा वेगळा. गिनिपिगचं शरीर आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, आणि ते कमी पडलं की केस राठ होतात, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात थोडं जास्त. ढोबळी मिरचीच्या २५-३० ग्रॅमच्या फोडीत पुरेसं मिळतं. 'इम्युनिटी'च्या बाटलीवर क जीवनसत्त्वाचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर ती या कामाची नाही. पाण्याच्या बाटलीत गोळी विरघळवूनही फायदा नाही, काही तासांत तिचा जोर उतरतो आणि चव बदलल्यामुळे पिल्लू पाणी पिणं कमी करतं.

'वार्षिक लस' हाही एक खर्च अनेकांच्या बिलात दिसतो. गिनिपिगसाठी नेहमीची अशी कुठलीही लस नसते. ऑपरेशनच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा, असं सांगणारा दवाखानाही टाळा. गिनिपिगला उलटी होऊच शकत नाही, आणि उपाशी राहिल्याने त्याचं आतडं थांबतं.

आपल्याकडच्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा भर गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि कुत्र्यांवर असतो. त्यामुळे गिनिपिगची माहिती कमी असणं हा गुन्हा नाही. 'मला यातलं फारसं माहीत नाही, अमुक ठिकाणी दाखवा' असं म्हणणाऱ्या डॉक्टरचे आभारच मानावेत. मुंबईकरांनी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करून पाहावी. तक्रार त्यांच्याबद्दल आहे, जे न तपासता चार आठवडे पैसे घेतात आणि कुपीचं नाव लपवतात.

टेबलावर जनावर ठेवताच विचारायचं: वजन किती भरलं? स्क्रेपिंग करणार का, नसेल तर का नाही? इंजेक्शनचं नाव आणि मिली लिहून द्याल का? त्यात स्टेरॉइड आहे का? पेनिसिलिन गटातलं काही आहे का? किती डोस, किती दिवसांनी? हे विचारल्यावर आवाज चढला तर जनावर उचलून बाहेर पडा. तिथलं मलम लावण्यापेक्षा एक दिवस उशिरा उपचार झालेला बरा.

पैसे देऊन घेतलेल्या उपचाराची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते, तिचं कार्यालय नागपूरला आहे. बोर्डावर किंवा केसपेपरवर नोंदणी क्रमांक नसेल तर तो मागा. जिथून पिल्लू आणलं त्या दुकानालाही लेखी कळवा, कारण त्याच पिंजऱ्यातली बाकीची पिल्लं अजून विकली जात असतात. तक्रारीला आधार कागदाचाच असतो, म्हणून रिकामी कुपी मागून घ्या किंवा तिच्या लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. औषधांची नावं असलेलं बिल घ्या, चट्ट्यांचे फोटो दर तीन दिवसांनी त्याच उजेडात काढा, आणि उरलेलं सिरप फेकून देऊ नका.