एबीएचं वर्षभरातलं मास्टर्स: अमेरिकेत जाऊन, घरबसल्या ऑनलाइन, की इथलीच डिग्री?

मुलुंडच्या आमच्या सेंटरवर दुपारी डबे उघडले की हल्ली हाच विषय निघतो. तीन ज्युनिअर थेरपिस्ट, तिघीही सायकॉलॉजीच्या पदवीधर, आणि तिघींच्या फोनवर एकच जाहिरात: बारा महिन्यांत अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिसचं मास्टर्स. एबीए म्हणजे ऑटिस्टिक मुलांना टप्प्याटप्प्याने वागणं-बोलणं शिकवण्याची थेरपी. मी या कामात जुनी, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात.

ही बारा महिन्यांची करामत साधी आहे. क्रेडिट तितकीच, पण सत्र सात-आठ आठवड्यांचं आणि उन्हाळ्याची सुट्टी गायब. वेळ वाचतो तो वर्गातला. बीसीबीए, म्हणजे या थेरपीतली प्रमाणित तज्ज्ञ, व्हायचं तर मास्टर्सच्या जोडीला देखरेखीखालचं 2000 तासांचं फील्डवर्क लागतं (जास्त सुपरव्हिजन घेतलं तर 1500) आणि वर परीक्षा. आठवड्याला 25 तास धरले तरी 2000 तासांना 80 आठवडे लागतात. डिग्री कितीही पळवा, हे तास काही पळत नाहीत.

त्यातही एक मेख आहे, ती जाहिरातीत नसते. चार वर्षांचा मुलगा पाण्याच्या बाटलीकडे हात नेतो. मी झाकण धरून तीन सेकंद थांबते. तो ‘पा’ म्हणतो, मी झाकण उघडते आणि शीटवर अधिकचं चिन्ह करते. हे झालं मुलाबरोबरचं थेट काम, आणि एकूण तासांत ते 40 टक्क्यांपर्यंतच चालतं. उरलेले 60 टक्के, म्हणजे 2000 पैकी 1200 तास, मूल्यमापन करण्यात, ग्राफ बघून प्रोग्रॅम बदलण्यात, आईला घरी काय करायचं ते शिकवण्यात जायला हवेत. आमच्याकडे पगार मिळतो सेशनचा. ग्राफ बहुतेकजणी डोंबिवलीच्या लोकलमध्ये, चौथी सीट मिळाली तर काढतात. म्हणून कॉलेजच्या नावाआधी मी विचारते: हे 1200 तास तुला देणार कोण?

अमेरिकेत जाऊन केलं तर याचं उत्तर निदान मिळू शकतं. तिथे बीसीबीए सुपरव्हायझर असलेली क्लिनिक आहेत, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला डिग्रीनंतर ओपीटी नावाच्या परवानगीवर बारा महिने काम करता येतं. पण नोकरी बहुधा मुलाबरोबर बसण्याचीच असते, तेव्हा बाकीचे तास कसे देणार हे क्लिनिककडून लेखी घ्यावं. तिघींपैकी एकीचं लग्न ठरलंय, नवरा न्यू जर्सीत एच-1बीवर. एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर तिला शिकता येईल, पण कामाची वेगळी परवानगी मिळेपर्यंत नोकरी करता येणार नाही. डिग्री हातात आणि तास शून्य, असं होऊ शकतं. फीबद्दल काय बोलणार, कर्ज काढावं लागतं एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

मुंबईत बसून अमेरिकन विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स हा पर्याय सगळ्यांत गोड दिसतो आणि मला तोच सगळ्यांत फसवा वाटतो. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सहाचा लाइव्ह वर्ग म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, आणि नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ मागे गेलं की साडेचार. झोपेचं सोडा. बीसीबीएचं प्रमाणपत्र देणाऱ्या बीएसीबी या अमेरिकन संस्थेने 2023 पासून अमेरिका, कॅनडा असे मोजके देश सोडून बाकीच्या रहिवाशांचे अर्ज घेणं बंद केलंय, त्यामुळे भारतात राहून तो अर्ज करताच येत नाही. परदेशी शिक्षणाच्या एका समुपदेशन केंद्रात तिघींपैकी एकीने हे विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ‘ते नंतर बघता येतं.’ इथे बसून क्यूएबीए किंवा आयबीएओ या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं घेता येतात आणि ती काही वाईट नाहीत. पण मग त्यांच्या अटी आधी वाचाव्यात आणि त्यापुरतंच शिकावं, डॉलरमधलं अख्खं मास्टर्स कशाला?

राहिली इथली वाट. जुहूला एसएनडीटीचा स्पेशल एज्युकेशन विभाग, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण अपंगत्वाची संस्था, कालिन्याला मुंबई विद्यापीठाचं सायकॉलॉजीचं एमए. मास्टर्सला दोन वर्षं लागतात आणि एबीए अभ्यासक्रमात एखाद्या प्रकरणापुरतं येतं, हे कबूल. पण स्पेशल एज्युकेशनच्या मान्यताप्राप्त कोर्समधून आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर मिळतो आणि शाळा तोच मागतात. आरसीआयच्या 16 प्रवर्गांत बिहेवियर अ‍ॅनालिस्ट नावाचा प्रवर्गच नाही. त्यामुळे अमेरिकेची डिग्री घेऊन आलात तरी इथल्या शाळेत स्पेशल एज्युकेटरच्या जागेसाठी ती एकटी पुरणार नाही. नुसत्या एमएनेही तो नंबर मिळत नाही, हे कालिन्याचा फॉर्म भरण्याआधी लक्षात घ्या.

अजून एक, जे मला स्वतःला उशिरा कळलं. ऑटिस्टिक मुलांच्या एबीएचा पाया मानला जाणारा मानसशास्त्रज्ञ लोव्हासचा 1987चा अभ्यास आठवड्याला 40 तासांचा होता आणि त्या काळच्या पद्धतींत शिक्षाही होती. अशी थेरपी घेऊन मोठे झालेले ऑटिस्टिक लोक आज त्याबद्दल रागाने बोलतात आणि त्यांचं ऐकायला हवं. बाटलीचा मुलगा तोंड फिरवतो तेव्हा थांबायचं की रेटायचं, हे कोर्समध्ये कुठे शिकवतात ते बघा. सात आठवड्यांच्या सत्रात अशा गोष्टी पहिल्या गळतात.

मुंबईतच राहायचं असेल तर मी इथली डिग्री घेईन, नोकरी चालू ठेवेन आणि सोबत क्यूएबीए किंवा आयबीएओ करेन. तिकडे स्थायिक व्हायचं नक्की असेल तर तिथे जाऊन शिकेन, एका वर्षाचा हट्ट न धरता.

न्यू जर्सीवालीने परवा तीन विद्यापीठांना एकच प्रश्न पाठवला: फील्डवर्कचे ते 60 टक्के तास विद्यार्थ्यांना तुम्ही मिळवून देता का? दोघांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्याने ब्रोशर पाठवलं.