पॅराव्ह्यू: चित्र झकास, नकाशाची समज शून्य

रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या विहिरींची पाणीपातळी आणि सातपुड्याच्या पायथ्याचा उतार एकाच त्रिमितीय चित्रात दाखवायचा होता, म्हणून पॅराव्ह्यू हे त्रिमितीय चित्रं काढणारं सॉफ्टवेअर घेतलं. उन्हाळ्यापासून रोज वापरतोय. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही लाखो बिंदू आरामात फिरवतं. चित्राबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती अक्षांश-रेखांशांची. याला फक्त एक्स, वाय, झेड कळतात. ते अंश आहेत की मीटर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलवर 'टेबल टू पॉइंट्स' (ओळींचे बिंदू करणारा फिल्टर) लावून एक्सला 75.56, वायला 21.01 आणि झेडला 209 मीटर दिलं, की जळगाव आभाळात जातं! बरेच जण झेडला एक लाखाने भागून वेळ मारून नेतात. दिसतं बरं, पण आपल्या 21 अंशांवर रेखांशाचा एक अंश सुमारे 104 किलोमीटर भरतो, तर अक्षांशाचा जवळपास 111. म्हणजे जिल्हा पूर्व-पश्चिम सहा-सात टक्के ताणलेलाच राहतो.

त्यामुळे थेट यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. खान्देशाचं नशीब चांगलं, नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत सगळं 43 उत्तर या एकाच झोनमध्ये बसतं. त्याचा मध्य रेखांश 75 अंमळनेरच्या किंचित पश्चिमेकडून जातो. नकाशा-पद्धतींच्या ईपीएसजी यादीत त्याचा कोड 32643. प्रोग्रॅमेबल फिल्टरमधूनही रूपांतर करता येतं, पण पॅराव्ह्यू स्वतःचं पायथन घेऊन येतं आणि त्यात पायप्रोज ही रूपांतराची लायब्ररी बसवणं म्हणजे नसती उठाठेव. मी बाहेरच स्क्रिप्ट चालवतो. पायप्रोजमधलं 'ऑलवेज एक्सवाय' तेवढं चालू ठेवा; नाहीतर 4326 (साध्या अक्षांश-रेखांशांचा कोड) आधी अक्षांश मागतं आणि बिंदू भलतीकडेच जातात.

एक बारीक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. यूटीएममध्ये आपला वाय तेवीस लाखांच्या घरात येतो. फाइल 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (मोजकेच अंक धरणाऱ्या दशांश आकड्यांत) साठवली असेल, तर एवढ्या मोठ्या आकड्याला पाव मीटरपेक्षा बारीक फरक धरता येत नाही. ड्रोनने मोजलेल्या नाल्यावर झूम करा: बिंदू पूर्व-पश्चिम ओळींत शिस्तीत बसलेले दिसतात, कपाशीच्या तासांसारखे. साठवण्याआधीच एक्समधून 5 लाख आणि वायमधून 23 लाख वजा करा. नंतर 'ट्रान्सफॉर्म' फिल्टरने सरकवून गेलेली अचूकता परत येत नाही.

उंची फुगवायलाही हा फिल्टर नको, त्याने खरे झेड बदलतात. प्रॉपर्टीज पॅनेलमधला 'स्केल' वापरा, तो फक्त दिसण्यापुरता असतो. आणि किती पट फुगवलंय ते चित्रावर लिहा. चोपड्याच्या एका शेतकरी काकांनी पडद्यावर स्वतःचं शेत पाहून विचारलं होतं, "इतला उतार शे का आठे?"

पावसाची नेटसीडीएफ फाइल (हवामानाच्या चौकटीवार आकड्यांची) उघडताना 'स्फेरिकल कोऑर्डिनेट्स'ची खूण काढा आणि तिचेही अंश यूटीएममध्ये बदला, नाहीतर ग्रिड गोलावर चिकटून येतो आणि विहिरींशी जुळत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला, कारण प्रोजेक्शन विचारणारी साधी खिडकीसुद्धा फाइल उघडताना येत नाही. नुसता सपाट नकाशा हवा असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. जमिनीखालचे थर दाखवायचे असतील तरच याच्या वाटेला जा.