बाळाचं नाक ओढायची नळी: ऐकायला किळसवाणी, कामाला एक नंबर

आधीच सांगतो, रिव्ह्यू नेझल अ‍ॅस्पिरेटरचा आहे, ते तोंडाने ओढायचं वालं. एक टोक बाळाच्या नाकपुडीला लावायचं, दुसरं स्वतःच्या तोंडात धरायचं आणि शेंबूड ओढायचा. हो, बरोबर वाचलंत. ईईई करून पुढे जाऊ नका, घरात तान्हं बाळ असेल तर वाचा.

आमचं बाळ चार महिन्यांचं असताना त्याला ब्राँकिओलायटिस झाला. सुरुवातीला नुसती सर्दी, मग खोकला, मग छातीत घरघर, आणि आता उतरेल म्हणता म्हणता उलट वाढलंच. नंतर कळलं की हा आजार असाच वागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त जोर असतो. फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज येते आणि त्यात चिकट कफ भरतो, मुख्यतः दोन वर्षांखालच्या मुलांना होतो, आणि बहुतेक वेळा मागे आरएसव्ही नावाचा व्हायरस असतो जो मोठ्या माणसाला साधी सर्दी देऊन निघून जातो. पण पहिल्यांदाच बाप झालेल्या माणसाला हे सगळं समजेपर्यंत बाळ अ‍ॅडमिट असतं, तळपायाला पट्टीने गुंडाळलेला लाल दिव्याचा सेन्सर असतो, नाकाला ऑक्सिजनची नळी असते आणि ती हलू नये म्हणून दोन्ही गालांवर टेप. आम्ही दोघं नुसते मॉनिटरकडे बघत बसायचो. ऑक्सिजनचा आकडा एकाने खाली आला की बायको माझ्याकडे बघणार आणि मी सिस्टरकडे.

मला सगळ्यात जड गेलं ते हे की यावर असं औषधच नाही. डॉक्टर म्हणाले व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, वाफेच्या मशीनमधून दिलेल्या औषधानेही यात सहसा फार फरक पडत नाही, ऑक्सिजन देऊ, पोटात दूध जातंय ना बघू, आणि नाक मोकळं ठेवू. मी म्हटलं नाक?? त्रास छातीत आहे ना हो!

मग सिस्टरनी समजावलं. इतकी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, आणि दूध ओढताना तर तोंड अडकलेलंच असतं. नाक चोंदलं की दोन घोट घेणार, सोडणार, रडणार, परत लागणार, दमून तशीच उपाशी झोपणार. त्यात छाती आधीच भरलेली. त्यांनी आमच्यासमोर नाकात सलाईनचे, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे, थेंब टाकून शेंबूड ओढून काढला (सक्शन), बाळाने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला, आणि त्यानंतर जे दूध प्यायलं ना, बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. घरी सोडताना मी पहिली ही नळी घेतली.

आता वस्तूबद्दल. बॉक्समध्ये पारदर्शक नोझल, लांब मऊ नळी, मधे स्पंजचा छोटा फिल्टर आणि तोंडात धरायचा तुकडा. फिल्टरमुळे शेंबूड तुमच्या तोंडापर्यंत येत नाही, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो म्हणून सांगितलं. नोझल नाकपुडीच्या आत खुपसायचं नाही, नाकपुडीच्या कडेला नीट टेकवायचं की हवा बाजूने निसटत नाही. आधी साध्या सलाईनचे एकदोन थेंब, जरा थांबायचं, मग हळू आणि सलग ओढायचं. थेंब न टाकता ओढलं तर घट्ट शेंबूड जागचा हलत नाही, उगाच बाळ चिडतं. सलाईन म्हणजे सलाईनच हं, मोठ्यांचे नाक उघडायचे औषधी ड्रॉप्स बाळाला स्वतःच्या मनाने अजिबात टाकू नका.

एकाने बाळाला मांडीवर घेऊन डोकं धरायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, एकट्याने जमतं पण कसरत आहे. आमच्याकडे ओढायचं खातं माझं. खरं सांगू का, त्या दिवसांत पाजणं बायकोकडे, औषधपाणी डॉक्टरांकडे, आणि बाप नुसता फायली घेऊन फिरतोय, त्यात हे एक काम असं मिळालं की ज्याचा निकाल लगेच नोझलमध्ये दिसतो. लांबच लांब हिरवट दोरी निघाली की आम्ही दोघं असे खुश व्हायचो की बाहेरच्या माणसाने बघितलं असतं तर वेडे म्हणाला असता.

रबरी फुग्यावालं पण होतं आमच्याकडे, कोणीतरी गिफ्ट दिलेलं. त्याची ओढ कमी, आणि मुख्य म्हणजे आमचं उघडून आतून धुता येत नव्हतं, आत ओल राहून बुरशी धरली तर कळणार कसं? ते काढून टाकलं. याचं नोझल कोमट साबणाच्या पाण्याने धुवून उघडं वाळवता येतं.

तक्रारी पण आहेत. फिल्टर दर वेळी बदलायचा आणि बॉक्समध्ये दिलेत अगदी मोजून, सर्दीच्या एका झटक्यात संपतात, सुटं पाकीट सोबतच मागवा. नळीत ओल शिरली की वाळता वाळत नाही. आणि माहितीपत्रकात एक गोष्ट ठळक लिहायला हवी होती ती बारीक अक्षरात आहे: सारखं सारखं ओढायचं नाही. नाकाची आतली त्वचा सुजते, कधी रक्तही येतं, आणि नाक उलट जास्त चोंदतं. आम्हाला सांगितलं होतं दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी, तेवढंच केलं.

याच खरेदीत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पण घेतलं, त्याला शून्य मार्क. मोठ्यांच्या बोटाचं आहे ते, बाळाच्या बोटावर बसतच नाही, पायाला लावलं तर पाय हलला की वाट्टेल तो आकडा दाखवतं आणि रात्री तीनला आपली झोप उडवतं. त्यापेक्षा श्वास मोजायला शिका, फुकट आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट टायमर लावून पोट किती वेळा वर येतंय ते मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2 महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, आणि 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद चाललाय, डॉक्टरांना दाखवायचं.

आणि हे नीट लक्षात घ्या की ही नळी नाक साफ करते, छाती नाही. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, नाकपुड्या फेंदारतायत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर दिसतायत, श्वास मधेच थांबतोय, तर नळी ठेवा बाजूला आणि थेट हॉस्पिटल गाठा. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा डायपर तासन्‌तास कोरडा राहिला तरी वाट बघू नका. 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा वर ताप असेल तरी तेच. या सगळ्यात नाक ओढत बसायला वेळ नसतो.

घरी आल्यावरही खोकला बरेच दिवस राहतो, तीनेक आठवडे रेंगाळू शकतो असं आम्हाला आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर प्रत्येक ढासेला गाडी काढली असती. ज्यांच्याकडे अजून बाळ यायचंय त्यांनी आपल्या डॉक्टरांना आरएसव्हीबद्दल विचारून ठेवा, 2023 पासून काही देशांत गरोदरपणात द्यायची लस आणि बाळाला द्यायचं अँटीबॉडीचं इंजेक्शन असं दोन्ही आलंय.

बाळ आता नळी बघितली की लांबूनच तोंड फिरवतं आणि हाताने ढकलतं, म्हणजे ताकद आलीय. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फिल्टरच्या कंजूषपणासाठी.