वेल्डिंग हेल्मेटचं ‘कॅलिब्रेशन’ करून देतो म्हणणारा आला तर दारातूनच परत पाठवा, माझे ३०,४४० रुपये गेले आणि माझ्या कारागीर पोट्ट्याचे डोळे थोडक्यात वाचले

लिहू की नको यात दीड महिना गेला. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण गेल्या आठवड्यात कळलं की तो माणूस अजून नागपुरातच फिरतोय, म्हणून आता लाज बाजूला ठेवून लिहितो.

हिंगणा रोडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, गेट, ग्रिल, जिने, शेड अशी कामं. मला धरून पाच माणसं. १४ वर्षं झाली या धंद्यात, त्यामुळे कोणी म्हणू नका की नवशिका होता म्हणून फसला. २०२२ मध्ये मी दोन ऑटो डार्कनिंग (काच आपोआप काळी होणारे) हेल्मेट घेतले होते, नामांकित कंपनीचे, एक ८,७५० ला, म्हणजे दोन मिळून १७,५००. तेव्हा सगळे म्हणाले एवढे पैसे काऊन घालतो, ४० रुपयांच्या काळ्या काचेत काम होते. पण ज्यानं दिवसभर होल्डर धरलाय त्याला विचारा, प्रत्येक टाक्याला मान झटकून काच खाली पाडायची, संध्याकाळी मानेची काय अवस्था होते. ऑटोमध्ये रॉड कुठे टेकतोय ते आधी दिसतं आणि आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, पेटला की काच डोळ्याचं पातं लवायच्या आत काळी होते. पैसे वसूल झाले होते त्या हेल्मेटचे.

तर यंदा मे महिन्यात त्यातला एक हेल्मेट मधूनच फडफडायला लागला, म्हणजे आर्क चालू असताना काच क्षणभर पांढरी होऊन परत काळी. पावसाळ्याआधी शेडची कामं डोक्यावर, तीन पार्ट्या रोज फोन करत होत्या, अशात तो माणूस आला. बाईक, गळ्यात आयकार्ड, पाठीवर बॅग, बोलायला एकदम नीट, “हो जी, भाऊ” करत. एमआयडीसीतल्या मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेतली, तिथं आमचंच वर्षाचं मेंटेनन्सचं काम आहे म्हणाला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, अशी माणसं कशी बोलतात. त्याने माझा हेल्मेट हातात घेतला, काचेसमोर लायटर पेटवला, काच काळी व्हायला जरा वेळ लागला, आणि म्हणाला भाऊ सेन्सर आउट झालाय, कॅलिब्रेशन करावं लागेल, नाहीतर पोराच्या डोळ्याचं काही सांगता येत नाही. एका हेल्मेटचे ८५०. दुसराही करून टाका, दोन्ही सोबतच घेतलेत ना. १,७०० झाले.

मग बॅगेतून नवीन हेल्मेट काढला. कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीचा शिल्लक माल, २,४०० ला एक, बाहेर सात हजारांच्या खाली मिळणार नाही. चार सेन्सर, सोलर, सेल बदलायची भानगडच नाही. परत लायटर, खटकन काळं. माझ्या पोरांनी एकेकानं घालून पाहिला. बाकीचे तिघं साधी काच वापरत होते, त्यांच्यासाठी मी तीन घेतले, ७,२००. शुक्रवारी ३,६०० यूपीआय केले, सोमवारी माल आणि दुरुस्त हेल्मेट आल्यावर ५,३००. एकूण ८,९००. बिल मागितलं तर म्हणाला व्हॉट्सॅपवर पाठवतो. तो जीएसटी नंबर नंतर शोधला, असा नंबरच नाही.

आता जे लिहितोय ते आठवलं की आजही झोप लागत नाही. सोमवारी हेल्मेट परत आले तेव्हा मी ते उलटे करून आत पाहिलं होतं. काचेचा जो डबा असतो, कार्ट्रिज म्हणतात त्याला, त्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती. मी नखाने तिचं टोक उचललंसुद्धा. विचारलं ही टेप कशाला? म्हणाला भाऊ धूळ जाऊ नये म्हणून लावून दिली, फ्री मध्ये. आणि मी ते टोक परत अंगठ्याने दाबून बसवलं. माझ्याच हाताने! अरे, १४ वर्षं लोखंड जोडतोय, दोन पट्ट्यांमध्ये एक सूत फट राहिली तर लांबून ओळखतो, आणि इथं डोळ्यापुढे टेप दिसतेय तर विचार नाही आला की चांगल्या कंपनीचा डबा खाचेत घट्ट बसतो, त्याला टेप लागतेच कशाला. तिथंच त्याची कॉलर धरायला पाहिजे होती.

दुसरी गोष्ट, माझ्या जुन्या काचेवर बाहेरून लालसर-जांभळी झळाळी दिसायची, आरशासारखी. परत आलेल्यावर ती नव्हती, नुसती हिरवट काळी काच. मला वाटलं सर्व्हिसमध्ये साफ झाली असेल. तिसरी, माझ्या हेल्मेटला दोन बटण-सेल लागायचे, सीआर २४५०, त्याचं झाकणच गायब होतं. सगळं समोर होतं हो. पण बाहेर टेम्पो उभा, पार्टी फोनवर, ४५ डिग्री ऊन, माणूस किती ठिकाणी लक्ष देईल.

सोप्या भाषेत, त्याने माझ्या दोन्ही हेल्मेटमधले ओरिजिनल कार्ट्रिज काढून घेतले आणि कुठलेतरी फालतू बसवून दिले. फालतूचा आकार लहान, म्हणून फट, म्हणून टेप.

दहाव्या दिवशी रात्री दोनला फोन आला. माझ्याकडचा सगळ्यात लहान कारागीर, २२ वर्षांचा. “भाऊ, डोळ्यात रेती भरल्यासारखं होतंय, उघडतच नाही, पाणी थांबत नाही.” गाडी काढून त्याच्या खोलीवर गेलो तर पोट्टा ओला रुमाल डोळ्यावर धरून भिंतीला टेकून बसलेला, बल्बचा उजेडही सहन होईना. त्या दिवशी तो पत्र्याखाली सकाळपासून १० नंबर रॉडने कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, जोडत होता. उकाड्याने टेपचा गोंद पातळ झाला, टेप खाली सरकली आणि दिवसभर त्या फटीतून आर्कचा उजेड थेट त्याच्या डाव्या डोळ्यात. शिवाय काचही मधूनमधून फडफडत होती. आणि सगळ्यात जास्त हे टोचतं की दोन दिवसांआधी तो मला म्हणाला होता, भाऊ बाजूनं चमक येते. मी म्हटलं, पट्टा आवळून घे.

डोळ्याला वेल्डिंग लागणं आपल्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण नीट समजून घ्या. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी होतो, म्हणून तो रात्रीच कळतो. अल्ट्राव्हायोलेटने बुबुळाचा वरचा थर भाजतो. खोलीमालकीण बटाट्याच्या चकत्या घेऊन आली होती, दुसरा कोणी दूध घाला म्हणत होता. काही घालू नका. मेडिकलवाल्याकडून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा टाकू नका, बरं वाटतं पण जखम भरत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. दोन दिवसांत डोळा उघडला, तिसऱ्या दिवशी बरा झाला. देवाची कृपा. डॉक्टर आणि औषधं १,३४०, त्याची तीन दिवसांची ९०० प्रमाणे मजुरी २,७०० मी दिली, द्यायलाच पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसची खोली अंधारी केली, हेल्मेट तोंडावर धरला आणि मुलाला बाहेरून मोबाईलचा टॉर्च कडेकडेने फिरवायला सांगितला. डाव्या बाजूला उजेडाची सरळ रेघ दिसली, नखाच्या जाडीची. हे पाच मिनिटांचं काम मी सोमवारीच केलं असतं तर! तुम्ही आजच करा, नवा असो की जुना. मग नवीन तीन घेतले. लायटर लावून एकेक सेन्सर बोटाने झाकत गेलो. वरचे दोन झाकले की काच काळीच होत नाही, खालचे दोन उघडे असूनही. खोलून पाहिलं तर खालच्या दोन भोकांमागे काहीच नाही, नुसतं प्लास्टिक. काच किती नंबर काळी व्हावी ते ठरवणारं बटण ९ पासून १३ पर्यंत फिरवलं, काच तशीच्या तशी.

म्हणून सांगतो, लायटरवर जाऊ नका. लायटरने फक्त सेन्सर जिवंत आहे एवढं कळतं. काच किती नंबर काळी होते ते नाही कळत, आणि न दिसणारे किरण अडतात की नाही हे तर अजिबात नाही. चांगल्या हेल्मेटमध्ये अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवणारा थर वेगळा असतो, तो काच पांढरी असतानाही अडवतो, सेल संपला तरी अडवतो. नकलीत तो थर आहे का नाही हे घरी तपासता येत नाही, त्यामुळे घ्यायचंच तर पक्क्या बिलाने. कार्ट्रिजवर छापलेलं वाचा, ४/९-१३ असं काहीतरी असतं, म्हणजे पांढरी असताना ४ नंबर आणि काळी झाल्यावर ९ ते १३, पुढे कंपनीची खूण, मग १/१/१/२ असे चार आकडे आणि २०२२ च्या सुमाराच्या मालावर युरोपचं ३७९ हे मानक. माझ्याकडे परत आलेल्यावर नुसतं सीई छापलंय, बाकी काही नाही. आपल्या हेल्मेटच्या या छापाचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे नव्हता, आणि पुढे सगळं तिथंच अडलं.

आणि मूळ बिघाड काय होता माहीत आहे? ओळखीच्या जुन्या वेल्डरने सांगितलं, सेल उतरले असणार आणि बाहेरच्या प्लास्टिकवर वेल्डिंगचे छर्रे बसून सेन्सर झाकला गेला असणार. म्हणजे १८० रुपयांचे दोन सेल आणि ७० रुपयांची बाहेरची प्लेट. कॅलिब्रेशन नावाचं काही आपल्याला करावं लागत नाहीच. मऊ कापडाने पुसणं, प्लेट खरवडली की बदलणं, सेल बदलणं, बस. थिनरने पुसू नका, प्लेट खराब होते. ग्राइंडिंग मोडवर ठेवून विसरू नका, त्यात काच काळी होतच नाही. उन्हात गाडीच्या काचेमागे टाकू नका, बहुतेक हेल्मेट ५५ डिग्रीपर्यंतच चालतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत ते कधीच पार होतं.

आता तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे तुम्ही स्वतः पैसे पाठवले, वस्तू मिळाली, ही सायबर फसवणूक नाही. बँकेत गेलो, तिथं मॅडम म्हणाल्या यूपीआय परत होत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस स्टेशनला तीन चकरा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी तिथल्या हवालदाराने हेल्मेट घालून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, काळा होतोय ना मग? मी टेप दाखवली, फट दाखवली, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, न्याय संहितेचं ३१८, म्हणजे फसवणुकीचं कलम, लावा म्हटलं, तर म्हणाला हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. तिसऱ्या दिवशी विचारतो, तुमचे आधीचे कार्ट्रिज ओरिजिनल होते याचा पुरावा काय? २०२२ चं बिल दाखवलं, तर म्हणे बिलावर कार्ट्रिजचा नंबर कुठे आहे. म्हणजे चोर मोकळा आणि मी नंबर शोधत बसायचं! शेवटी साधा अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, त्यानंतर एक फोन नाही. कामगार सुरक्षेच्या ऑफिसात गेलो, की बाबा असा माल बाजारात फिरतोय, कोणाचे डोळे जातील, तर म्हणाले तुमच्याकडे पाचच माणसं, तुमचं वर्कशॉप कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. पाच माणसांना डोळे नसतात का? १९१५ वरच्या ग्राहक हेल्पलाइनवाल्याने म्हटलं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. मी गप फोन ठेवला. नंतर एका वकिलाने सांगितलं की २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू चालते, भांडता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. ज्याचं कामच हे सांगणं आहे त्याने काऊन नाही सांगितलं? आता मी तिथं अर्ज करतोय, पण विरुद्ध पक्ष म्हणून कोणाचं नाव लिहू, आयकार्डवरचं नावही खरं नसेल.

हिशोब लिहून ठेवतो, जुने दोन हेल्मेट १७,५००, त्याला दिलेले ८,९००, डॉक्टर १,३४०, मजुरी २,७००. ३०,४४०. जुने हेल्मेट वापरलेले होते हे मान्य, पण चालत होते, आणि आज तसे घ्यायला जास्तच लागतील. सध्या माझी सगळी माणसं साध्या काळ्या काचेवर आहेत, १०-११ नंबर, इतवारी बाजारातून पक्क्या बिलावर आणलेली. ते पाचही हेल्मेट पोत्यात बांधून कपाटात ठेवलेत, कोणी चुकून घालू नये म्हणून.

मागच्या बुधवारी कामठी रोडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याशी बोलत होतो. सहज म्हणाला, दोन हेल्मेट कॅलिब्रेशनला दिलेत, एकाचे ९००, सोमवारी देतो म्हणाला तो. माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. म्हटलं दादा, उरलेले पैसे देऊ नको, तो सोमवारी आला की त्याला बसवून ठेव, पाणी दे, चहा दे, आणि मला फोन कर, मी वीस मिनिटांत पोहोचतो. सोमवारी सकाळपासून शटर अर्धं ओढून फोन हातात धरून बसलो होतो. तो आला नाही. दादाचे दोन्ही हेल्मेट अजून त्याच्याकडेच आहेत आणि नंबर बंद येतोय.